सहा हजारांत कोरडे पाय

घरात नवी फटफटी आली की हार, नारळ, पेढे, हेल्मेट आणि विम्याचा कागद यांची आठवण कोणाला ना कोणाला राहतेच. पायांची आठवण मात्र कोणालाच राहत नाही. दीड लाखाची गाडी घेऊन दुकानाबाहेर पडणारा बहाद्दर बहुधा दीडशे रुपयांच्या चपलेवर असतो, आणि पाऊस आलाच तर ती चपलही काढून हँडलला अडकवतो. का, तर चप्पल खराब होईल म्हणून!

कायद्याचीही पायांवर फारशी नजर नाही. हेल्मेटाविना गाडी चालवली तर दंड होतो. पण चप्पल घालून गाडी चालवली म्हणून दंड करण्याची तरतूद मोटार वाहन कायद्यात नाही, असा खुलासा २०१९ साली केंद्रीय परिवहनमंत्री नितीन गडकरी यांच्या कार्यालयानेच केला होता. म्हणजे पायांची काळजी सरकारने आपल्यावर सोपवली आहे, आणि आपण ती देवावर सोपवली आहे.

दिवाळीच्या अंकात पावसाळी बुटांची कथा कशाला, असे कोणी विचारील. माझ्या मते हीच त्याची खरी वेळ. जूनमध्ये पाऊस सुरू झाल्यावर जो बूट घ्यायला धावतो, तो दुकानदार दाखवील तो बूट, सांगेल त्या किमतीला घेऊन येतो. दसऱ्यानंतर गर्दी नसते, दुकानदाराला सवड असते, मालही उतरत्या किमतीत मिळतो आणि मुख्य म्हणजे ओल्या मोज्यांची आठवण अजून ताजी असते. या उतरत्या किमतीच्या मालात एक मोठी फसगतही दडलेली असते; पण ती पुढे सांगेन.

मी राहतो सेवाग्रामला. येथे पावसाळ्यात माणसाची ओळख चेहऱ्याआधी पायांवरून पटते. बापू कुटीत शिरताना पादत्राणे बाहेर काढून ठेवावी लागतात. श्रावणातल्या एखाद्या दिवशी ती रांग निरखून पाहावी. स्वच्छ, कोरडे सँडल म्हणजे मोटारीतून आलेले पाहुणे. घोट्यापर्यंत चिखल माखलेल्या रबरी चपला म्हणजे जवळपासच्या खेड्यातली मंडळी. आणि फुगून मऊ पडलेले, आतून पचपच आवाज करणारे बूट दिसले, की खुशाल समजावे, कोणी तरी मोटारसायकलवरून आला आहे. गांधीजी ३० एप्रिल १९३६ रोजी या गावी राहायला आले तेव्हा गावाचे नाव शेगाव होते. दुसऱ्या शेगावाशी टपालाचा घोटाळा होऊ लागला म्हणून १९४० मध्ये ते सेवाग्राम झाले. नाव बदलले, माती तीच राहिली. वर्धा जिल्ह्यात वर्षाला हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक चार महिन्यांतच येतो. आमची काळी माती पाणी पिऊन फुगते आणि तळव्याला अशी चिकटते, की शेतातून दहा पावले टाकली तरी प्रत्येक पायाला शेरभर वजन लटकते. डांबरी रस्ता सोडून गाडी फूटभर बाजूला घेतली की याची प्रचिती येते.

पायी चालणाऱ्याच्या ओलेपणात आणि मोटारसायकलवाल्याच्या ओलेपणात मोठा फरक आहे. पायी चालणाऱ्यावर पाणी वरून येते. स्कूटरवाल्याच्या पायांपुढे निदान पत्र्याची ढाल तरी असते. मोटारसायकलवर पाऊल अगदी उघड्यावर, पुढच्या चाकाच्या पाठीमागे टेकलेले असते. चाक रस्त्यावरचे पाणी उचलते आणि चिखलासह नडगीवर व चवड्यावर सारखे फेकत राहते. शिवाय वारा. ताशी पन्नास-साठ किलोमीटरच्या वेगाने समोरून येणारा थेंब शिवणीत नुसता पडत नाही, घुसतो. तिसरी वाट पँटवरून ओघळणाऱ्या पाण्याची. ते मुकाट्याने बुटाच्या तोंडातून आत उतरते. म्हणूनच जो बूट बाजारात हिंडताना कोरडा राहतो, तोच बूट गाडीवर अर्ध्या तासात नांगी टाकतो.

ओले झाले तर झाले, घरी जाऊन वाळवू, असे म्हणणारे पुष्कळ भेटतात. माझा थोरला भाऊ त्यांतलाच. दादा शिक्षक होते. देवळी तालुक्यातल्या एका खेड्यातल्या शाळेत त्यांनी चौदा वर्षे मोटारसायकलवरून ये-जा केली. पावसाळ्यात पायांत साधे गमबूट. त्यांना मधुमेह होता. पण तो ‘थोडासाच’ आहे, असे ते सर्वांना सांगत. एका ऑगस्टमध्ये वहिनींना त्यांच्या मोज्यावर डाग दिसला. करंगळीजवळ गमबूट घासून फोड आला होता, फुटला होता, ओल्या मोज्यात दिवसचे दिवस भिजत राहिला होता, आणि दादांना त्याचा पत्ता नव्हता. दुखलेच नाही तर कळणार कसे? पुढे दोन महिने दवाखाना झाला आणि शेवटी करंगळी व तिच्या शेजारचे बोट काढावे लागले. दादा आजही चालतात, हसतात. पण वहिनींच्या तोंडून ‘बूट’ हा शब्द तेव्हापासून वेगळ्याच सुरात निघतो.

पायाची जाणीव हरपणे म्हणजे काय, हे वर्धेकरांना नवे नसावे. मनोहर दिवाण यांनी १९३६ मध्ये येथून जवळच दत्तपूरला कुष्ठधाम सुरू केले. कुष्ठरोगी परचुरेशास्त्र्यांना गांधीजींनी आश्रमात आसरा दिला आणि स्वतःच्या हातांनी त्यांची मालिश केली. त्या रोगातही पायाच्या नसा बधिर होतात, खडा टोचलेला कळत नाही आणि जखम वाढते. वेल्लोरला डॉ. पॉल ब्रँड व त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा पायांसाठी बारीक छिद्रांच्या मऊ रबराच्या चपला वापरात आणल्या. एम.सी.आर. म्हणून ओळखली जाणारी तीच चप्पल आज मधुमेहाच्या रुग्णांनाही देतात. डॉक्टर नायलॉनचा एक तंतू तळव्याला ठिकठिकाणी टेकवून स्पर्श कळतो की नाही ते पाहतात. तपासणी दोन मिनिटांची, बिनवेदनेची. घरात मधुमेह असेल आणि त्या माणसाला गाडीवरून पावसात जावे लागत असेल, तर बूट पसंत करण्याआधी ही तपासणी करून घ्यावी. पाय बधिर निघाला तर बुटाची निवड दुकानदाराच्या नव्हे, डॉक्टरांच्या सल्ल्याने करावी.

तेव्हा गेल्या वर्षी दादांच्या मुलाने नोकरीच्या दुसऱ्याच महिन्यात मोटारसायकल घेतली आणि ‘पुढच्या पावसाळ्यात चिखलदऱ्याला जाणार’ असे जाहीर केले, तेव्हा वहिनींनी हो-नाही काही न म्हणता एवढेच सांगितले, “आधी काकांना घेऊन बूट आण. मग कुठेही जा.” पुतण्याची थैली सहा हजारांची होती. दोन-तीन महिने आम्ही दोघे नागपूर-वर्ध्याच्या दुकानांतून हिंडलो, पाहिले, विचारले, बूट उलटेपालटे केले. त्यातून जे कळले ते येथे मांडतो.

स्वस्तातला पहिला उमेदवार अर्थात गमबूट. त्याला नावे ठेवण्याआधी त्याचे ऋण मानायला हवे. चार्ल्स गुडइयर या अमेरिकन गृहस्थाने १८३९ साली रबर गंधकासह तापवून टिकाऊ करण्याची युक्ती शोधली. त्याआधी रबर उन्हाळ्यात वितळे आणि हिवाळ्यात तडकत असे. आपल्याकडे सुरेंद्र मोहन बोस यांनी १९२० साली कलकत्त्यात जलाभेद्य कापडाचा कारखाना काढला आणि ‘डकबॅक’चे रेनकोट घरोघर पोहोचले. पाणी अडवण्याच्या बाबतीत अखंड साच्यातून निघालेल्या गमबुटाचा हात आजही कोणी धरू शकत नाही. शिवण नाही, त्यामुळे भोक नाही. चार-पाचशे ते हजार रुपयांत जोडी मिळते. शेतात तो घालावाच. चिखलापासून वाचवतो आणि सापापासूनही थोडेफार संरक्षण देतो.

पण मोटारसायकलवर? गमबूट हातात घेऊन मधोमध दाबा. वहीसारखा मिटतो. गाडी आडवी होऊन पायावर पडली तर तो पायाला काय वाचवणार? टाचेला तो सैल असतो. पडलेल्या माणसाचे बूट दहा हातांवर जाऊन पडल्याचे आपण रस्त्यावर पाहतो. तापलेल्या सायलेन्सरला टेकला तर रबर वितळते. आणि बाहेरचे पाणी अडवणारी भिंत आतलेही पाणी अडवते, ही गोष्ट लोक विसरतात. तळपायांत घामाच्या ग्रंथी फार दाट असतात. दोन तासांनी गमबूट काढला तर मोजा पावसाविनाच ओला निघतो. दादांच्या फोडाला ऊब मिळाली ती अशी. घरापासून चौकापर्यंत आणि भाजी घेऊन परत, एवढ्यासाठी गमबूट चालेल. दोनशे किलोमीटरांसाठी नाही.

दुसरा उमेदवार म्हणजे बुटावर चढवायची प्लॅस्टिकची खोळ. पाचशे-सातशे रुपयांत मिळते, घडी करून डिकीत मावते. पुतण्याच्या एका मित्राकडे ती होती. वरून छान, पण तळाला पातळ. सिग्नलला पाय टेकवून टेकवून आणि गिअरची दांडी घासून ती एका मोसमात फाटते, आणि ओल्या डांबरावर तिचा तळ घसरतो. मोटारसायकलवाल्याच्या पायाने दुसरे काही केले नाही तरी चालेल, थांबताना घसरता कामा नये. अडीअडचणीला ठेवावी, भरवसा ठेवू नये.

तिसरा, कारखान्यात कामगार घालतात तो सुरक्षेचा बूट. याबद्दल मला स्वतःला ममत्व आहे. आय.एस. १५२९८ हे भारतीय मानक आणि त्यावरचा शिक्का असला की बोटांवरची टोपी २०० जूलचा आघात सोसते, अशी त्याची चाचणी झालेली असते. तळ तेलावर सहसा न घसरणारा, किंमत हजार ते अडीच हजार. ज्याची थैली खरोखरच लहान आहे त्याने चपलेपेक्षा हा बूट शतपटीने पसंत करावा. अडचणी दोन. एक, पोलादी टोपीमुळे बुटाचे नाक जाड होते आणि गिअरच्या दांडीखाली शिरत नाही. ज्याची गाडी त्याने स्वतः बसून पाहावे. दुसरी, यांतले बहुतेक घोट्यापर्यंतच येतात आणि पाऊस सोसण्यासाठी शिवलेले नसतात.

आता चामड्याकडे येऊ. या विषयावर सेवाग्रामच्या माणसाने थोडे रेंगाळले तर वाचक क्षमा करतील. चामडे आणि हे गाव यांचा संबंध जुना आहे. वर्ध्याजवळ नालवाडीला गोपाळराव वाळुंजकर यांनी चर्मालय चालवले. कत्तलीच्या नव्हे, आपोआप मेलेल्या जनावरांची कातडी तेथे कमावली जात आणि तिच्या चपला बनत. मेलेले ढोर ओढणाऱ्या, सोलणाऱ्या आणि कातडे कमावणाऱ्या माणसाला गावाने विटाळ मानून वेशीबाहेर ठेवले होते. ते काम सुशिक्षित ब्राह्मणाने हाती घ्यावे, त्यात शास्त्र आणावे, कातडे-हाडे-मांस यांतले काहीही वाया जाऊ देऊ नये, हा त्यातला खरा मुद्दा होता. चप्पल ही त्याची केवळ बाहेर दिसणारी खूण.

गांधीजी स्वतःही चपला शिवत. दक्षिण आफ्रिकेत त्यांचे मित्र हर्मन कॅलनबाख ही कला एका ख्रिस्ती मठात शिकून आले आणि त्यांच्याकडून गांधीजी व टॉलस्टॉय फार्मवरची मंडळी ती शिकली. १९१४ साली आफ्रिका सोडताना गांधीजींनी स्वतः केलेला एक जोड जनरल स्मट्स यांना भेट दिला. ज्याने तुरुंगात घातले त्यालाच चपला! स्मट्स यांनी त्या कित्येक उन्हाळे वापरल्या आणि १९३९ मध्ये गांधीजींच्या सत्तराव्या वाढदिवसाच्या निमित्ताने परत पाठवल्या. एवढ्या थोर माणसाच्या पादत्राणांत उभे राहण्याची आपली योग्यता नाही, अशा अर्थाचे त्यांनी लिहिले. माझी नजर मात्र दर वेळी ‘उन्हाळे’ या शब्दावर अडखळते. स्मट्ससाहेब शेतकरी होते. चामड्याची चप्पल कोणत्या ऋतूत घालायची हे त्यांना पक्के ठाऊक होते.

कारण चामडे म्हणजे तंतूंचे घट्ट विणलेले जाळे. बाभळीची साल आणि हिरडा यांनी कमावलेले कातडे उन्हात लोखंडासारखे होते, पण पाणी पिते, फुगते, आणि घाईने वाळवले तर वाकडे होऊन तडकते. कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, तरी पावसाळ्यात ती माळ्यावरच शोभते. बुटांसाठी आज बहुतेक चामडे क्रोमियमच्या क्षारांनी कमावतात. ते पाण्याला अधिक दाद देत नाही. त्यावर मेण चोळले तर आणखी बरे. गाडीवरून पडल्यावर रस्त्याशी होणारे घर्षण सोसण्यात मात्र जाड चामड्याला तोड मिळणे कठीण. तेव्हा चामडे सोडायचे नाही, पण पाणी अडवण्याचे काम दुसऱ्याकडे द्यायचे.

हा दुसरा म्हणजे आतले अस्तर. १९६९ मध्ये अमेरिकेत बॉब गोर यांनी टेफ्लॉनच्या जातीचा पदार्थ झटक्याने ताणून पाहिला आणि त्याचा असंख्य सूक्ष्म छिद्रांचा पातळ पापुद्रा तयार झाला. छिद्रे इतकी लहान की पाण्याचा थेंब आत शिरू शकत नाही, पण घामाची वाफ बाहेर पडू शकते. गोरटेक्स ते हेच. आज इतरही अनेक कंपन्यांचे असे पापुद्रे आहेत आणि स्वस्त बुटांत तेच असतात. हा पापुद्रा मोज्याच्या आकाराचा शिवून बूट आणि अस्तर यांच्यामध्ये बसवतात. बूट बाहेरून भिजला तरी पाऊल कोरडे.

जाहिरातीत लिहिलेले नसते ते मी सांगतो. वाफ बाहेर जाते ती बाहेरची हवा आतल्यापेक्षा कोरडी असेल तेव्हा. जुलैमध्ये विदर्भातली हवा स्वतःच इतकी दमट असते की वाफेला जाण्याची घाई नसते. त्यातून चामडे भिजून जड झाले, वर चिखलाचा थर बसला, की तो व्यवहार जवळजवळ बंद पडतो. तरी गमबुटापेक्षा पुष्कळ बरे. दुसरे असे की, पाणी जर वरच्या तोंडातून आत गेले तर हाच पापुद्रा त्याला बाहेर येऊ देत नाही, आणि बुटाची बादली होते.

नागपुरात सीताबर्डीवरच्या एका दुकानात आम्हांला ‘वॉटरप्रूफ’ म्हणून पाच बूट दाखवण्यात आले. विक्रेता गोड बोलत होता. मी त्याला एकच विचारले, “यातला पाण्याला तोंड देणारा कोणता आणि पाणी अडवणारा कोणता?” तो हसला आणि तीन बूट बाजूला ठेवले. हा शब्दांचा खेळ फार महाग पडतो. नुसते ‘वॉटर रेझिस्टंट’ लिहिले असेल तर शिंतोडे सोसेल, इतकाच अर्थ घ्यावा.

मग अंगावरची चिठ्ठी वाचायची. युरोपात मोटारसायकलच्या बुटांसाठी ई.एन. १३६३४ हे मानक आहे, आणि आपल्याकडच्या चांगल्या कंपन्याही आता त्याप्रमाणे चाचणी करून घेतात. आतल्या पट्टीवर मोटारसायकलस्वाराचे छोटे चित्र असते आणि खाली चार आकडे. पहिला उंचीचा, दुसरा घर्षणाचा, तिसरा कापले जाण्याचा, चौथा बाजूने दाबले जाण्याचा. प्रत्येक ठिकाणी १ किंवा २ असते, आणि पुढच्या तिन्हींत २ म्हणजे अधिक मजबूत. शेवटी ‘डब्ल्यू.आर.’ ही अक्षरे असली तर पाणी शिरण्याविरुद्ध बूट तपासलेला आहे. घोट्याच्या संरक्षणासाठी आय.पी.ए. अशी वेगळी अक्षरे असतात. परदेशी नामांकित बूट पंचवीस हजारांच्या पुढे जातात, म्हणून मध्यमवर्गीय माणूस घाबरून चपलेकडे वळतो. पण ही चिठ्ठी असलेले देशी बूट आम्हांला साडेपाच ते नऊ हजारांत दिसले. भपका कमी, चिठ्ठी तीच.

चिठ्ठीनंतर हात. बुटाची जीभ दोन्ही बाजूंनी वरपर्यंत शिवलेली आहे का ते पाहा. ती मोकळी असेल तर लेसच्या जागेतून पाणी थेट आत येते. चेन बाहेरच्या बाजूला असेल तर तिच्या मागे अखंड पडदा हवा. उंची निदान घोट्यावर चार बोटे, पोटरीच्या मध्यापर्यंत आली तर उत्तम. मधोमध दोन्ही बाजूंनी दाबून पाहा, तळ सहज मिटता कामा नये. आपल्याकडच्या पुष्कळांचे चवडे रुंद असतात आणि बुटांचे साचे अरुंद, म्हणून खरेदी संध्याकाळी करावी. दिवसभराने पाय थोडे सुजलेले असतात, तेव्हा जो बूट बसतो तोच दिवसभराच्या प्रवासात बसतो. जाड मोजे बरोबर न्यावेत. आणि दुकानासमोर उभ्या असलेल्या आपल्या गाडीवर बसून गिअर वर-खाली करून पाहावा. आमच्या पुतण्याला लाज वाटत होती. मला वाटत नव्हती.

आता ती फसगत. दुसऱ्या एका दुकानात नऊ हजारांचा बूट चार हजारांना पुढे आला. बूट झकास. खोक्यावर छापलेला महिना पाहिला तर सहा वर्षांपूर्वीचा! हल्लीच्या पुष्कळ बुटांचा तळ पॉलियुरेथेनचा असतो. हा पदार्थ हलका आणि मऊ, पण दमट हवेत तो आतल्या आत विघटित होत जातो, बूट वापरला तरी आणि नुसता खोक्यात पडून राहिला तरी. वरून नवा दिसणारा बूट एक दिवस चालता चालता तळाचा भुगा सांडू लागतो. अनेकांनी माळ्यावरचे जपून ठेवलेले बूट काढल्यावर हा अनुभव घेतलेला असेल आणि नशिबाला बोल लावला असेल. साध्या रबराच्या तळाला हा रोग होत नाही. म्हणून स्वस्त मालात तळ कशाचा ते विचारावे आणि खोक्यावरचा महिना व साल वाचल्याशिवाय पाकीट उघडू नये.

शेवटी पुतण्याने ५,८०० रुपयांचा जोड घेतला. क्रोमचे चामडे, रबरी तळ, आत पापुद्रा, चिठ्ठीवर ‘डब्ल्यू.आर.’, उंची पोटरीच्या किंचित खाली. घरी आल्यावर वहिनींनी परीक्षा घेतली. बुटांत वर्तमानपत्राचा कागद कोंबला, न्हाणीघरातल्या टबात घोट्यापर्यंत पाणी भरले, बूट आत उभे केले आणि वर वरवंटा ठेवला. अर्ध्या तासाने कागद काढून दिव्यापाशी धरला. कोरडा ठणठणीत. परत करण्याची मुदत संपण्याआधी ही परीक्षा प्रत्येकाने घ्यावी.

यंदाच्या ऑगस्टमध्ये स्वारी चिखलदऱ्याला गेली. समृद्धी महामार्ग आमच्या जिल्ह्यातूनच जातो, पण त्यावर दुचाकींना मज्जाव आहे. म्हणून जुन्या रस्त्यानेच अमरावती, परतवाडा करीत घाट चढायचा. सेवाग्रामहून सुमारे दोनशे किलोमीटर. जाता जाता एक मजा सांगतो. गांधीजींना वर्ध्यात आणणारे जमनालाल बजाज. त्यांच्या घराण्याने १९४५ मध्ये काढलेल्या व्यापारी कंपनीतून पुढे बजाज ऑटो उभी राहिली आणि निम्म्या महाराष्ट्राला दोन चाकांवर बसवले. गांधीजी वर्ध्याहून शेगावला पायी येत. आमची पोरे वर्ध्याच्या नावाच्या गाडीवर बसून मेळघाटात जातात.

पुतण्याने परतल्यावर दिलेला हिशेब असा. जाताना मोजे कोरडे. येताना परतवाड्यापाशी धो धो पाऊस, आणि उजवा मोजा वरच्या बाजूने ओला. कारण सापडले. घाईत त्याने पावसाळी पँटचा पाय बुटात खोचला होता. पँट नेहमी बुटावरून घ्यावी आणि खाली आवळावी, म्हणजे पाणी बाहेरच ओघळते. हे एवढे साधे, पण सर्वांत जास्त बूट याच कारणाने बदनाम होतात.

वहिनींनी बरोबर दिलेले तीन जोड मोजे आणि पिठीचा डबा उपयोगी पडला. बूट कितीही चांगला असला तरी मुक्कामाला पोहोचताच तो काढायचा, बोटांच्या बेचक्या पुसून कोरड्या करायच्या आणि मोजे बदलायचे. नाही तर चिखल्या ठरलेल्या. आपण चिखल्यांना हसतो, पण पहिल्या महायुद्धात खंदकांच्या ओलीत उभे राहून हजारो सैनिकांचे पाय सडले. शेवटी मोजे बदलणे आणि पायांना तेल चोळणे हे ब्रिटिश सैन्यात हुकमाचे काम झाले. भेगा किंवा जखम असलेल्या पायांनी साचलेल्या पाण्यात शिरणे लेप्टोस्पायरोसिसच्या भीतीनेही टाळावे.

बूट वाळवायचा तो सावलीत, पंख्याखाली, आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबून. कागद दोन-तीनदा बदलावा. चुलीपुढे, हीटरपुढे किंवा कडक उन्हात ठेवला की डिंक सुटतो, चामडे तडकते. आणि सकाळी घालताना बूट उलटा करून झटकावा. विंचवालाही कोरडी, उबदार जागा आवडते.

एकाच ठिकाणी बूट हरला. गिअरची दांडी डाव्या चवड्यावर जेथे घासते तेथे चामडे पातळ होऊ लागले होते. वर्ध्याला बसस्थानकाजवळ बसणाऱ्या मोच्याकडे तो नेला. त्याने हातात घेऊन आत बोटे घालून पाहिली.

“भाऊ, पाणी कातड्यातून नाही जात जी,” तो म्हणाला, “सुईच्या भोकातून जाते. मी इथे टाका मारला तर तुमचा आतला पडदा फाटते. चिकटवूनच देतो.”

त्याने जाड चामड्याचा पानाएवढा तुकडा कापला, कडा तासल्या, डिंक लावून बसवला आणि हातोडीने ठोकला. चाळीस रुपये घेतले. दादा शेजारी उभे राहून पाहत होते. त्यांनी आपल्या पायातली मऊ चप्पल काढून तिचा सुटलेला पट्टाही त्याच्याकडून चिकटवून घेतला.